बार्शीच्या बायांचे देणे

किन्हवली, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातली बाई 'अंगावरून जातंय' एवढे सांगायलाच कित्येक महिने घालवते. आधी थोरल्या जावेच्या कानावर घालते, मग आशाताईच्या, मग बाजारपेठेतल्या मेडिकलमधून गोळ्या नेते. नवऱ्याला कळते ते सगळ्यांत शेवटी. तोवर भाताची लावणी उरकून कापणी तोंडावर आलेली असते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी सुरू झालेला कर्करोग आतवर पोहोचलेला असतो. मग आसनगावहून लोकल, दादर, परळ, टाटा. हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की घरचेच त्याला नशीब म्हणतात. या रोगावरचे ज्ञान कुठून आणि कसे आले ते पाहिले, तर नशिबाचा वाटा फार थोडा निघतो.

या रोगाचे पहिले मोठे कोडे इटलीतले. १८४२ साली व्हेरोना शहराच्या मृत्यूनोंदी चाळताना रिगोनी-स्टर्न या वैद्याला दिसले की हा रोग संसारी बायकांत आढळतो, मठातल्या जोगिणींत जवळजवळ नाही. पुढची जवळपास एकशे चाळीस वर्षे कारण सापडले नाही, बायकांवर संशय मात्र भरपूर घेतला गेला. आपल्याकडे परळचे टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तिथले पहिल्या पिढीतले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कोणत्या समाजात कोणता कर्करोग अधिक, याचा शोध मांडला. १९६३ साली मुंबईत लोकसंख्येवर आधारलेली देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग जास्त आणि गर्भाशयमुखाचा कमी, हा फरक अशा मोजदादीतूनच ठळक झाला. मूळ कारण जर्मनीत सापडले. १९८३ साली हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने या गाठींत ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, दाखवून दिला आणि २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. संसार करणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघूनही जातो. ज्यांच्यात तो मुक्काम ठोकतो, त्यांच्यापैकी काहींना दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. बाईच्या वागण्यावर बोट ठेवायला इथे जागा नाही. हे आपल्या गावांत अजून मोठ्याने सांगावे लागते.

इथून पुढची गोष्ट मात्र आपल्या मातीतली आहे आणि ती मराठी वाचकाला फारशी ठाऊक नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला डॉ. बी. एम. नेने यांनी उभे केलेले नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ साली टाटा रुग्णालयाच्या साथीने तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. शहरातली नोंदवही रुग्णालयांचे कागद गोळा करून भरते. खेड्यातला रोगी रुग्णालयात पोचतच नव्हता, त्यामुळे कागदही नव्हते. म्हणून डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटी रीत काढली. कार्यकर्ते ठरावीक दिवसांनी गावात जात, लोकांशी बोलत, पाळी गेल्यावर रक्त दिसले किंवा घाण वासाचे पाणी गेले तर काय समजायचे ते सांगत, आणि संशय आला तर बाईला बार्शीला घेऊन येत. त्यात महागडे यंत्र नव्हते. तरी काही वर्षांत पहिल्या टप्प्यांवर सापडणाऱ्या बायांचे प्रमाण वाढले. बोलणे हाही एक इलाज असतो याचा इतका स्वच्छ पुरावा आमच्या पाहण्यात दुसरा नाही.

या पायावर १९९९च्या ऑक्टोबरात शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा आणि फ्रान्समधल्या लियाँ इथली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बाया; गावांचे ५२ गट. काही गटांतल्या बायांची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, काहींची पॅप तपासणी (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची), काहींची व्हिनेगर तपासणी. तिच्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात आणि पांढरा डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहतात. चौथ्या भागातल्या ३१,४८८ बायांची तपासणी झाली नाही; त्यांना नेहमीच्याच आरोग्यसेवेवर ठेवले. आठ वर्षांनी मोजले तेव्हा चौथ्या भागात या रोगाने ६४ बाया गेल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या ३४,१२६ बायांत ३४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मरण जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हिनेगरच्या गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. २ एप्रिल २००९ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हा निष्कर्ष छापून आला आणि पुढे जगाच्या तपासणी-धोरणात त्याचा आधार घेतला गेला.

त्याच सुमारास, १९९८ पासून, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाचे डॉ. सुरेंद्र शास्त्री दीड लाख बायांबरोबर दुसरा प्रयोग करत होते. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीतल्याच बायांना थोडे आठवडे शिकवून त्यांच्याकडून निम्म्या बायांची व्हिनेगर तपासणी करून घ्यायची, दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्या. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटलेले दिसले. म्हणजे साधी तपासणीही उपयोगी पडते, पण ती पुन्हा पुन्हा आणि नीट केली तर.

या दोन्ही अभ्यासांवर आक्षेप आले, आणि ते गिळून टाकण्यासारखे नाहीत. तपासणीचा फायदा परदेशात ठाऊक असताना हजारो बायांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू का मोजले, हा प्रश्न २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये विचारला गेला. संशोधकांचे उत्तर असे होते की इथली नेहमीची सेवा म्हणजेच तपासणी नसणे. आम्ही कोणाचे काही काढून घेतले नाही. हे उत्तर कागदावर खरे आहे आणि म्हणूनच अस्वस्थ करणारे आहे. आमचे मत असे: तो प्रयोग करायला नको होता असे आज म्हणून ६४ बाया परत येत नाहीत. त्यांच्या मरणातून मिळालेले उत्तर इतकी वर्षे वापरायचेच नाही, हा मात्र त्याहून मोठा अपराध आहे.

एचपीव्हीच्या लशीचाही इतिहास असाच आहे. २००९च्या सप्टेंबरात भारतातल्या अनेक केंद्रांवर, त्यांत बार्शी आणि पुणेही, मुलींना लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहायला सुरुवात झाली. त्याच वेळी आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्यात एका वेगळ्या प्रकल्पात काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ उठला. चौकशीत मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही, पण संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. एप्रिल २०१०मध्ये सगळे थांबले. अनेक केंद्रांवरच्या त्या अभ्यासात तोवर एकूण १७,७२९ मुली आल्या होत्या आणि त्यांतल्या कित्येकींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसले की एक डोस घेतलेल्या मुलींनाही जवळपास तेवढेच संरक्षण आहे. कोस्टा रिका आणि केनियातल्या पुराव्यांबरोबर हा पुरावा जागतिक आरोग्य संघटनेपुढे गेला आणि २०२२ मध्ये एका डोसला मान्यता मिळाली. अपघाताने अर्धवट राहिलेल्या कामाने जगाचा लशीचा खर्च कमी केला. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांनी यातली दुसरी बाजूही लक्षात ठेवावी: लस चांगली आहे, म्हणून आईबापांना विचारायचे नाही, असे कधीही होता कामा नये.

उपचारांत टाटाने २०१८ साली दोन मोठी उत्तरे दिली. तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायांच्या अभ्यासात शेक, म्हणजे किरणोपचार, देताना सोबत केमो दिली तर जगण्याची शक्यता वाढते, हे सिद्ध झाले. दुसऱ्या अभ्यासात त्याआधीच्या टप्प्यांत आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया, यापेक्षा शेक आणि केमो एकत्र देणे सरस ठरले. शेकाचे बाहेरून दिले जाणारे सत्र पाच आठवडे, रोज. किन्हवलीच्या बाईला त्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळवावी लागते, नाहीतर फुटपाथ. घरचा एक माणूस मजुरी सोडून सोबत राहतो. तिसऱ्या टप्प्याचे औषध सुधारले, तरी ही पाच आठवड्यांची वणवण तशीच राहते.

आणि आपल्याकडे? २०१६ मध्ये केंद्र सरकारने तिशीपुढच्या बायांसाठी दर पाच वर्षांनी व्हिनेगर तपासणीचा कार्यक्रम आखला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ३० ते ४९ वयाच्या बायांपैकी आयुष्यात एकदा तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कुठलीही तपासणी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. आशाताई सीबॅकचा, म्हणजे आजारांची जोखीम टिपण्याचा, फॉर्म भरते, त्यात रक्तस्रावाचे प्रश्नही आहेत. पण फॉर्मच्या पुढे पडदा, टेबल, बॅटरी आणि शिकलेली सिस्टर लागते. तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. बीडमधल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले, तेव्हा डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक बायांची पिशवी काढलेली आढळली. 'ठेवलीत तर कॅन्सर होईल' हे वाक्य त्यांच्यापैकी अनेकींनी ऐकले होते. ज्या रोगाची तपासणी मिळत नाही, त्याची धमकी मात्र गावोगाव मिळते.

लस नातींच्या पिढीसाठी आहे. आज चाळिशीत असलेल्या बाईला तिचा फारसा उपयोग नाही. तिला तपासणी हवी. २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते, आणि तिचा नमुना बाई स्वतः आडोशाला जाऊन घेऊ शकते. टेबलावर झोपायचे नाही, कोणी पाहायचे नाही. ज्या लाजेने आपल्या बाया वर्ष वर्ष गप्प राहतात, तिच्यावर याहून सोपा उतारा नाही. क्षयरोगाच्या चाचण्यांसाठी सरकारी दवाखान्यांत आलेले ट्रूनॅट यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे आहे, आणि एचपीव्हीची चाचणी त्याच यंत्रावर होते. नवीन इमारत नको, परदेशी यंत्र नको. येत्या ग्रामसभांत किन्हवलीसह शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या गावांनी एवढाच ठराव करावा: तिशीपुढच्या प्रत्येक बाईसाठी एचपीव्हीचे कार्ट्रिज तालुक्याच्या ट्रूनॅटवर द्या, आणि जिचा अहवाल पॉझिटिव्ह येईल तिला पुढच्या उपचारासाठी नेण्या-आणण्याची जबाबदारी जिल्हा परिषदेने घ्यावी.