शतांश सेकंदाचा हिशेब

जकार्ता, ऑगस्ट २०१८. आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुषांच्या ५० मीटर फ्रीस्टाइलची अंतिम शर्यत. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २२.४७ सेकंदांत भिंतीला हात लावला, जपानच्या शुनिची नाकाओने २२.४६ सेकंदांत. कांस्यपदक नाकाओच्या गळ्यात पडले आणि खाडे चौथा आला. या वेगाने पोहणारा माणूस एका शतांश सेकंदात जेमतेम दोन सेंटिमीटर पुढे सरकतो. पदक हुकले ते बोटाच्या पेराएवढ्या अंतराने.

ही शर्यत चूक सावरायला वेळच देत नाही. एकाच लांबीची असल्याने त्यात वळण नाही. ठोकळ्यावरून सूर मारायचा, पाण्याखालून डॉल्फिन किक मारत वर यायचे आणि जवळजवळ श्वास न घेता भिंत गाठायची. शेवटचा हात पूर्ण ताणलेला असताना टचपॅडला लागला, की अर्धवट वाकलेला, एवढ्यावर निकाल फिरतो. ही अचूकता रोज पाण्यात उतरल्याशिवाय येत नाही आणि पाणी सुटले की पहिल्यांदा तीच जाते.

खाडेची सुरुवात दणदणीत होती. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो उतरला तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. बंगळुरूत निहार अमीन यांच्या हाताखाली तो घडला. २०१०मध्ये ग्वांगझूला त्याने ५० मीटर बटरफ्लायचे कांस्य जिंकले. १९८६मध्ये सोलला खजानसिंगने मिळवलेल्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेतील भारताचे जलतरणातले हे पहिलेच पदक. पुढच्या वर्षी अर्जुन पुरस्कार आला.

मग महाराष्ट्र सरकारने त्याला तहसीलदार केले. हेतू चांगलाच होता. जलतरणात पैसा नाही, पोटापाण्याची हमी मिळाली तर खेळाडूला आणखी काय हवे, असे कुणालाही वाटेल. पण तहसील कार्यालयातली कामे सरावाच्या वेळा पाहून येत नाहीत. ऐन उमेदीची काही वर्षे तो स्पर्धांपासून दुरावला.

तरीही तो परतला आणि जकार्ताच्या प्राथमिक फेरीत २२.४३ सेकंदांची वेळ देऊन त्याने राष्ट्रीय विक्रम मोडला. तो जुना विक्रमही त्याचाच होता. तो पाण्याबाहेर असताना देशात कुणीही त्याच्या पुढे गेले नव्हते. मधली वर्षे सलग सरावाची असती तर ते दोन सेंटिमीटर नक्की भरून निघाले असते, असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण ती संधी त्याला मिळायला हवी होती.

वेगवान जलतरणपटूचे वय लवकर सरते, हा समजही खरा नाही. अमेरिकेच्या अँथनी अर्विनने २०००मध्ये सिडनीला याच शर्यतीत सुवर्ण जिंकले, मग अनेक वर्षे खेळ सोडला आणि २०१६मध्ये रिओला वयाच्या ३५व्या वर्षी पुन्हा सुवर्ण मिळवले. जकार्तात खाडे २६ वर्षांचा होता. २०२०मध्ये करोनाने तलाव बंद पडले, तेव्हा निवृत्तीचा विचार करावा लागेल, असे त्याने जाहीरपणे सांगितले. अखेर २०२३च्या गोव्यातील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्ण जिंकून त्याने निरोप घेतला. निरोपाच्या स्पर्धेतही देशात पहिला येणाऱ्या या खेळाडूचा पुरेपूर उपयोग आपण करून घेतला नाही, याची खंत वाटायलाच हवी.

कोल्हापूरचाच स्वप्नील कुसाळे रेल्वेत नोकरी करत नेमबाजीचा सराव करत राहिला आणि २०२४मध्ये पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्य घेऊन आला. रेल्वे आणि सेनादले खेळाडूला नोकरी देतात ती त्याने खेळत राहावे म्हणून. राज्यानेही थेट नियुक्तीच्या धोरणात हेच स्पष्ट लिहावे: खेळाडू स्पर्धेत उतरतो आहे तोवर सराव हीच त्याची ड्युटी, पगार आणि सेवाज्येष्ठता अबाधित, खुर्चीचा कार्यभार निवृत्तीनंतर. दरवर्षी त्याची कामगिरी तपासावी, पण ती तलावावरच्या घड्याळावर.