विमान तासाभराचे, वाट चार तासांची

सोलापूरच्या कारोबारी मंडळींत विमानाची चर्चा फार चालते. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली, सप्टेंबर २०२४ मध्ये होटगी रोड विमानतळाचे उद्घाटन झाले, जून २०२५ मध्ये गोव्याचे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईचे विमान सुरू झाले. आनंदाची गोष्ट आहे. पण आम्ही व्यापारी. हिशेब केल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही.

सोलापूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर ४५५ किलोमीटर भरते, कारण गाडी दौंड, पुणे करत घाट उतरते. विमान हे अंतर तासाभरात कापते. पण आम्हाला विमानतळावर नव्हे, मंगलदास मार्केटला जायचे असते! घरातून होटगी रोडला अर्धा तास, तपासणीसाठी तासभर आधी हजेरी, उड्डाणाचा एक तास, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि तिथून दक्षिण मुंबईपर्यंत गर्दीत एक ते दीड तास. म्हणजे चार ते साडेचार तास झाले. फेब्रुवारी २०२३ पासूनची वंदे भारत साडेसहा तासांत सीएसएमटीला सोडते आणि तिथून बाजार हाकेच्या अंतरावर आहे. खरी बचत दोन-अडीच तासांची. सिद्धेश्वर एक्सप्रेसचा तर जबाबच नाही. दुकान बंद करून रात्री बसा, सकाळी मुंबई. कामाचा एक तासही जात नाही, लॉजचा खर्चही वाचतो.

मग विमान कशाला? आमच्या मते ते आमच्या जाण्यासाठी कमी आणि गिऱ्हाईक येण्यासाठी जास्त आहे. आखाती देशांतला खरेदीदार मुंबईत उतरतो, हॉटेलात बसून दलालाकडचे टॉवेलचे नमुने पाहतो आणि परत जातो. आमचे लूम, आमचे कारीगर त्याने पाहिलेलेच नसतात. माल आमचा, भाव दलालाचा. पानिपतवाल्यांना हा त्रास कमी, कारण दिल्लीहून सुमारे ९० किलोमीटर मोटारीने गेले की खरेदीदार थेट कारखान्यात. आमच्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, पण तेवढ्यावर परका माणूस रात्रभर रेल्वेत बसून येत नाही.

तेव्हा अंतरापेक्षा वेळापत्रक मोठे. मुंबईहून सकाळी विमान आले आणि संध्याकाळी परत गेले, तर खरेदीदार अक्कलकोट रोड एमआयडीसीत चार कारखाने पाहून, जेवून, त्याच रात्री आपल्या मुलखाचे विमान पकडेल. दुपारचेच विमान असेल तर त्याला मुक्काम पडतो, आणि मुक्काम पडला की तो येत नाही.

दुसरी गोष्ट भरवशाची. किंगफिशरचे विमान इथे येत होते, तेही बंद पडले. पुढे २०१२ मध्ये ती कंपनीच बसली. आता राज्य सरकारने तोटा भरून देण्याचे कबूल केले आहे, पण सरकारी मदत कायमची नसते. मदत संपेल तेव्हा खुर्च्या भरलेल्या असतील तरच विमान राहील.

म्हणून यंत्रमागधारकांच्या आणि निर्यातदारांच्या संघटनांनी आताच एकत्र बसावे. वर्षाला किती खरेदीदार आणू, कोणत्या महिन्यात आणू, याचा आकडा काढावा आणि तो कागद घेऊन विमान कंपनीकडे सकाळची वेळ मागावी. नुसते निवेदन देऊन फोटो काढण्याचे काम आपल्याकडे पुष्कळ झाले आहे.

टॉवेलच्या गाठी मात्र ट्रकनेच जातील, भाईजान. विमानाच्या भाड्यात टॉवेल परवडत नाही.