चाल वहीत कशी उतरवावी?



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला, की आपल्या शहापूर-मुरबाडकडे रात्रीचा थोडा वेळ हाताशी उरतो. तो वेळ यंदा एका कामाला लावा. घरातल्या जुन्या माणसांच्या तोंडची गाणी चालीसकट वहीत उतरवा.

चालीसकट हे मुद्दाम सांगतो. शब्द पुष्कळ घरी लिहिलेले सापडतात. आमच्या भजनी मंडळाच्या वह्या पाहा, अभंगावर 'अमक्याची चाल' एवढेच लिहिलेले असते. तो अमका गेला की चालही गेली. मी स्वतः हाच मूर्खपणा केला. आईच्या जात्यावरच्या ओव्यांनी अख्खी वही भरली आणि मोठे काम केले असे मानून बसलो. आई गेली. आता वही उघडतो, शब्द डोळ्यांपुढे असतात. पण ती कुठल्या अक्षरावर थांबायची, कुठे सूर खाली घ्यायची, ते काही केल्या आठवत नाही.

या कामाची वाट मला दाखवली ती कल्याणला कॉलेजात जाणाऱ्या माझ्या नातीने. तिच्या संगणकावर गाण्याचा एक खेळ आहे. पडद्यावर आडव्या पट्ट्या सरकत येतात, प्रत्येक पट्टीखाली गाण्याचे एकेक अक्षर. पट्टी वर असेल तर सूर उंच, लांब असेल तर अक्षर लांबवायचे. आपण माइकमध्ये गायचे आणि खेळाने गुण द्यायचे. असले खेळ २००४ सालच्या 'सिंगस्टार'पासून फार पसरले. पुढे 'अल्ट्रास्टार' नावाचा फुकट मिळणारा खेळ आला. त्यात आपले गाणे आपणच भरता येते. गंमत अशी की या खेळाला शब्द कळतच नाहीत. तो फक्त सूर आणि वेळ पाहतो. सप्तकही पाहत नाही, त्यामुळे बाप्याने खाली आणि बाईने वर गायले तरी चालते.

नातीला त्यात आमच्या काकीचे आवणीचे गाणे भरायचे होते. काकी ऐंशीच्या पुढची, पण आवाज अजून खणखणीत. नात म्हणाली, "आजोबा, प्रत्येक अक्षराचे तीन आकडे लागतात. कुठे सुरू होते, किती वेळ टिकते आणि किती उंच." मी म्हटले, "पोरी, हे तर आपले स्वरलेखन झाले!"

आणि खरोखरच ते तसे आहे. वाळकेश्वरला १८६० साली जन्मलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे हे शिकून वकील झालेले. वकिली सोडून ते गावोगावच्या गवयांकडे गेले, बंदिशी गोळा केल्या आणि त्या स्वरलिपीत छापल्या. 'क्रमिक पुस्तक मालिका' हे त्यांचे सहा भाग आजही शिकवले जातात. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचीही वेगळी लिपी आहे, पण तिच्यात खुणा जास्त. आपल्यासारख्यांना भातखंड्यांची सोपी पडते.

रीत सांगतो. पेटीवाल्याला जवळ बसवा. गाणाऱ्याचा सा कुठल्या पट्टीत लागतो ते आधी वहीच्या डोक्यावर लिहा: काळी एक, पांढरी चार, जे असेल ते. मग टाळी देत मात्रा मोजा. भजनाचा ठेका आठ मात्रांचा, म्हणून ओळीला आठ घरे आखा. समजा शब्द आहेत 'पाऊस आला'. खालच्या ओळीत लिहायचे: पा ऽ ऊ स । आ ऽ ला ऽ. वरच्या ओळीत त्याचे सूर: सा – रे रे । ग – रे –. अक्षर लांबले की अवग्रह, सूर लांबला की आडवी रेघ. कोमल सुराखाली रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब. एवढ्यावर नव्वद गाण्यांतली ऐंशी तरी उतरतात असा माझा अंदाज.

नातीच्या फाइलीत हेच आकड्यांनी जाते. सा म्हणजे ०, रे म्हणजे २, ग म्हणजे ४, कारण मधल्या कोमल पट्ट्याही मोजायच्या. म्हणून 'पा'पुढे ० २ ०: शून्याव्या घरी सुरू, दोन घरे लांब, उंची शून्य. 'ऊ' २ १ २. पुढचे तुम्ही करून पाहा.

आता खरी अडचण. काकीला खाटेवर बसवून गायला सांगितले तर ताल कुठेच बसेना. दोन रात्री मी नुसती खोडाखोड केली. तिसऱ्या दिवशी काकी स्वतःच ओट्यावर वाकली, हातात पेंढ्याची मूठ घेतली आणि लावणी करावी तसा हात चालवत गायली. हात जमिनीला टेकला की एक मात्रा! सगळे आपोआप घरात बसले. जात्याच्या ओवीलाही असेच करा. बाईला नुसते गायला लावू नका, खुंटा धरायला लावा आणि जात्याचा फेरा मोजा. जात्यावर पीठ नसले तरी चालेल.

आधी मोबाइलवर आवाज टिपून ठेवावाच. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कित्येक बायकांच्या आवाजातही आहेत आणि २०१७ पासून 'पारी'वर ऐकायला मिळतात. पण घरच्या ओव्या टिपायला तुमच्या दारी कोण येणार?

गाणे भरून झाल्यावर नातीने माइक काकीच्याच हाती दिला. काकी गायली. खेळाने शंभरातले निम्मेही गुण दिले नाहीत! दुसऱ्या कडव्यात तिने सूर फिरवला होता, शेवटचे अक्षर जास्त ताणले होते. नात ओशाळली. काकी मात्र म्हणाली, "त्याला म्हणावं, एक पावसाळा माझ्यासंगं चिखलात ये, मग माझी चूक काढ."

मी वही पुन्हा उघडली. त्या कडव्याखाली दुसरी चाल लिहिली आणि तिसरीसाठी चार ओळी मोकळ्या सोडल्या.