वेष्टनावरील नाव खरे असावे

लोण्यातुपाच्या जागी दुसरा स्वस्त स्निग्ध पदार्थ बाजारात आला की दूध उत्पादक धास्तावतो आणि ‘त्यावर बंदी घाला’ अशी मागणी पुढे येते. ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु ती हिताची आहे काय, याचा विचार शेतकरी बंधूंनी शांतपणे करावा.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोधप्रद आहे. तेथे १८८६ साली मार्गारीनवर पौंडामागे दोन सेंट कर बसविण्यात आला. पुढे १९०२ साली लोण्यासारखा पिवळा रंग दिलेल्या मालावर तो दहा सेंट झाला. परिणाम असा झाला की, कारखानदार पांढरे मार्गारीन व रंगाची पुडी निरनिराळी देऊ लागले आणि गृहिणी घरीच रंग कालवू लागल्या. अखेर १९५० साली केंद्राचा हा कर रद्द झाला व विस्कॉन्सिनसारख्या दुग्धप्रधान राज्यानेही १९६७ साली रंगीत मालावरील बंदी उठविली.

आपल्याकडे वनस्पती तुपास वेगळा रंग द्यावा, अशी मागणी पुष्कळ वर्षे होती. पण योग्य रंग मिळाला नाही. त्याऐवजी वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची अट घालण्यात आली. फरफ्युरल व हायड्रोक्लोरिक आम्लाच्या परीक्षेत तिळाचे तेल तांबडा रंग देते. म्हणून साजूक तुपात केलेली अशी भेसळ प्रयोगशाळेत उघडकीस येते. या उपायाने माल बंद झाला नाही, मात्र लबाडी पकडता येऊ लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते कायद्याची योग्य दिशा हीच होय. स्वस्त स्निग्ध पदार्थ घेणे ही अनेक कुटुंबांची गरज आहे. त्यांना तो खऱ्या नावाने मिळावा, एवढेच पाहिले पाहिजे.

२००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यान्वये खोटे वेष्टन लावणाऱ्यास तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि नमुना प्रयोगशाळेत पोहोचलाच नाही, तर परीक्षा व दंड दोन्ही व्यर्थ होत. म्हणून सणासुदीस सुट्या तुपाचे नमुने अधिक घेतले जावेत आणि पदार्थाचे नाव डब्याच्या दर्शनी भागावर ठळक मराठीतही असावे.

शेवटी एक स्पष्ट सांगणे अवश्य आहे. तुपात वनस्पती मिसळणारा कधी कधी आपल्यापैकीच असतो. आपल्या डब्यातील तूप निर्भेळ असेल, तरच दुसऱ्याच्या डब्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार आपणांस राहील.