कर्ज खरे, आजारही खरा

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुका राज्याला ठाऊक आहे तो चिलगव्हाणमुळे. या गावचे शेतकरी साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी व चार मुलांसह जीवन संपवले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी १९ मार्चला राज्यात अनेक जण अन्नत्याग करतात.

शेतकरी आत्महत्यांची चर्चा मात्र आजही दोन टोकांवर अडकते. एक म्हणतो, कर्ज फेडले की सगळे सुटेल. दुसरा म्हणतो, माणूसच खचलेल्या मनाचा होता. या भांडणात नैराश्य हा उपचाराने बरा होणारा आजार बाजूलाच राहतो.

नैराश्य कसे ओळखायचे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक बिघडणे, कामातला रस जाणे आणि 'आपण घरावर भार आहोत' असे वाटत राहणे, ही लक्षणे दिसली की डॉक्टर गाठावा.

गोळ्या काय करतात?

या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. मेंदूतील सेरोटोनिनसारख्या रसायनांवर त्या काम करतात. गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. अनेक जण आठवडाभरातच 'फरक नाही' म्हणून गोळ्या सोडतात. काही जण बरे वाटताच सोडतात आणि आजार उलटतो. बरे वाटल्यावरही किमान सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायच्या असतात.

विचार बदलायचे म्हणजे काय?

'चांगला विचार कर' हा सल्ला म्हणजे उपचार नव्हे. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली पद्धत वेगळी आहे. 'यंदा सोयाबीन गेले' ही वस्तुस्थिती. 'म्हणून मी नालायक, आता काहीच होणार नाही' हा निष्कर्ष. असे निष्कर्ष पकडून तपासायला समुपदेशक शिकवतो. गोळीने मन थोडे उभारी धरते, तेव्हा हे शिकणे सोपे जाते.

हे खेड्यात जमते का?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' उपक्रमाने गावपातळीवरच्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत समुपदेशन केले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त प्रसिद्ध झाले. विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारचा 'प्रेरणा' प्रकल्पही आला. त्यात आशा सेविकांनी घरोघरी जाऊन तणावग्रस्त माणसे ओळखायची होती.

पण ओळखून पुढे काय? महिन्याच्या गोळ्यांसाठी मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी जावे लागले, तर उपचार तिसऱ्या महिन्यातच थांबतो. औषध आणि समुपदेशक तालुक्यातच मिळायला हवेत. आजाराला आजार म्हटल्याने हमीभावाची मागणी लंगडी पडत नाही. ती लढाई लढायला माणूस आधी जगला पाहिजे.

(मदतीसाठी टेलिमानस : १४४१६, मोफत, २४ तास)