होम थिएटर गुणगुणतंय? चोर असा पकडा

पिक्चर थांबवला तरी सबवूफरमधून ‘हूंऽऽ’ येतच राहतं? स्पीकर बदलायची घाई करू नका. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. बहुतेक वेळा तीच ऐकू येत असते.

टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडले गेले, की त्यांच्यातल्या केबलमधून थोडा प्रवाह फिरत राहतो. याला ग्राउंड लूप म्हणतात.

शोध सोपा आहे. सगळं बंद करून अॅम्प्लिफायरला येणाऱ्या सिग्नलच्या केबल काढा आणि फक्त तो चालू करा. तरीही गुणगुण आहे? मग मेकॅनिकला बोलवा. गेली? एकेक केबल परत लावा. प्रत्येक वेळी आधी स्विच बंद. जिच्यानंतर आवाज परतला, तीच चोर! अनेकदा ती बाहेरून येणारी केबल टीव्हीची किंवा डिशची वायर निघते.

उपाय?
• सगळे प्लग एकाच चांगल्या बोर्डवर लावा.
• टीव्हीपासून ऑप्टिकल केबल घ्या. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही.
• चेन्नईच्या खाऱ्या, दमट हवेत पिना गंजतात; त्या साफ करा.
• बाहेरच्या वायरसाठी आयसोलेटर लावा. रिची स्ट्रीटवर विचारा.

कुणी म्हणेल, ‘प्लगची तिसरी पिन काढा, आवाज जाईल.’ जाईलही, पण बिघाड झाला तर धातूच्या बॉडीत 230 व्होल्ट उतरतील. घरात मुलं-आजीआजोबा आहेत. ती पिन तशीच राहू द्या.