वारसा कोणाचा?

ओदमार पिगे या स्विस कंपनीने १९७२ मध्ये ‘रॉयल ओक’ हे पोलादी मनगटी घड्याळ ३,३०० फ्रँकला विक्रीस आणले. पोलादाला सोन्याचा भाव! समर्थन एकच : १८७५ पासूनचा वारसा. पण तो घडवला कोणी? जुरा पर्वतातील कारागिरांनी. घड्याळ हे असंख्य श्रमिकांचे सामाजिक उत्पादन आहे, हे मार्क्सने १८६७ मध्येच ‘कॅपिटल’मध्ये दाखवले होते. १९७० मध्ये या स्विस उद्योगात सुमारे ९०,००० कामगार होते. क्वार्ट्झच्या आणि मंदीच्या लाटेत पंधरा वर्षांत जेमतेम एकतृतीयांश उरले. वारसा मालकांकडे राहिला, बेकारी कामगारांच्या वाट्याला आली. आज धनिक संग्राहक लिलावात बोली लावतात, ती याच विस्मृत श्रमांवर. श्रमिकाला वगळून सांगितलेला वारसा म्हणजे निव्वळ जाहिरात होय.